मालक आणि राखणदार

१

संगणकाचा नाद असलेल्या मंडळींमध्ये स्वतःची ओळख करून देण्याची एक रीत आहे. दोन अनोळखी नादिष्ट एकत्र आले की नाव, गाव, व्यवसाय यांच्या आधी एकमेकांच्या यंत्रांची चौकशी होते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क केवढी आणि या सर्वांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, चालते हे एका दमात सांगितले जाते. कोणी गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या भागांची नावे घेतो; कोणी १९८२ सालचा कमोडोर ६४ अजून सुरू आहे असे हळूच सांगतो; कोणी एकाच यंत्रावर तीन कार्यप्रणाली नांदवतो आणि त्यांच्यातील भाऊबंदकीच्या कथा रंगवून सांगतो. बाहेरच्या माणसाला हे संभाषण परिभाषेच्या रानासारखे वाटते. आतल्यांना मात्र त्या यादीतून समोरच्याचा स्वभाव, त्याची ऐपत, त्याचा हट्ट आणि त्याचे वय हे सारे कळते.

साहित्याच्या अभ्यासकाने या यादीकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे पहिले उत्तर सोपे आहे. यादी हा वाङ्मयाच्या अत्यंत जुन्या प्रकारांपैकी एक आहे. होमरच्या इलियडमध्ये जहाजांची यादी येते, आपल्या बखरींमध्ये सरदारांच्या आणि पथकांच्या याद्या येतात. यादी म्हणजे केवळ मोजदाद नसते. जे आपल्याला मोलाचे वाटते ते नावानिशी उच्चारण्याची ती एक विधिवत् रीत असते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या नादिष्टांच्या यादीमागे एक नैतिक प्रश्न उभा आहे आणि तो केवळ त्यांचा नाही. माणसाचे त्याच्या साधनाशी नाते कोणते असावे? वापरणाऱ्याचे, मालकाचे की राखणदाराचे? या प्रश्नाकडे मी पुष्कळ वर्षे दुर्लक्ष केले. त्या दुर्लक्षाची किंमत मला कशी मोजावी लागली, ते पुढे येईल.

२

प्रथम आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आपल्या परंपरेने अपरिग्रहाला मोठे मूल्य मानले आहे. वस्तू जमवणे, त्या मिरवणे, त्यांच्या आकड्यांत स्वतःचे मोठेपण शोधणे हे या दृष्टीने मोहाचेच रूप ठरते. संगणकाच्या भागांची यादी सांगणारा तरुण आणि दागिन्यांचे तोळे सांगणारी व्यक्ती यांच्यात मूलतः काय फरक आहे? हा आक्षेप खोटा नाही. नव्या यंत्रांच्या याद्यांमध्ये पुष्कळदा क्रयशक्तीचीच जाहिरात असते. ज्याची यादी लांब त्याचा आवाज मोठा, हा अनुभव या मंडळींनाही आहे आणि त्यांच्यातील शहाणी माणसे त्याची थट्टाही करतात.

तथापि, या आक्षेपाने सर्व याद्यांचा निकाल लागत नाही. १९८२ सालचे यंत्र आज सुरू ठेवणाऱ्याला श्रीमंतीचा दिमाख दाखवता येत नाही. त्या यंत्रात चौसष्ट किलोबाइट एवढीच मेमरी. आजचे एखादे साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. अशा यंत्राच्या यादीत येते ती श्रमांची नोंद. विद्युत्-पुरवठ्यातील कपॅसिटर कालांतराने सुकतात किंवा गळतात, ते ओळखून बदलावे लागतात. मदरबोर्डावरची जुनी बॅटरी पाझरते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. ती वेळीच काढावी लागते. पेटीचे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते. ते रसायनाने पुन्हा उजळावे, की वयाची खूण म्हणून तसेच ठेवावे, यावर या मंडळींत खरोखरीचे मतभेद आहेत. पोथीच्या जीर्णोद्धारासंबंधी ग्रंथपालांमध्ये जो वाद चालतो त्याचेच हे भावंड आहे. म्हणजे याद्या दोन प्रकारच्या असतात. एकीत आपण काय विकत घेतले ते असते, दुसरीत आपण काय समजून घेतले ते असते. पहिली पैशाने वाढवता येते. दुसरीला वेळ द्यावा लागतो, आणि पुष्कळदा अपयशही पदरी घ्यावे लागते.

महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. सुतार रंधा पुसून ठेवतो, शिंपी शिवणयंत्राला हळदकुंकू वाहतो, आणि गेल्या काही दशकांत कचेऱ्यांतल्या संगणकांवरही झेंडूचे फूल दिसू लागले आहे. त्या एका दिवशी साधन हे साध्याच्या बरोबरीला बसते. या पूजेत मोह आहे असे कोणी म्हणत नाही, कारण ज्या हाताने पूजा होते त्याच हाताने वर्षभर ते हत्यार जपलेले असते. मात्र माझ्यासारख्याने संगणकावर वाहिलेले फूल आणि सुताराने रंध्यावर वाहिलेले फूल यांत एक अंतर आहे. रंधा बोथट झाला तर सुतार त्याला धार लावतो. संगणक अडला तर मी कोणाला तरी बोलावतो. जे साधन आपल्याला कळत नाही त्याचे आपण मालक कोणत्या अर्थाने असतो, हा प्रश्न त्या अंतरातच दडलेला आहे.

३

या नादिष्टपणाला इतिहास आहे. जानेवारी १९७५ मध्ये पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० या यंत्राचे चित्र आले. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथील एका छोट्या कंपनीने ते सुट्या भागांच्या स्वरूपात विकायला काढले होते. ते घरी जोडून घ्यायचे होते. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. समोरच्या बाजूस खटक्यांची एक रांग आणि लहान दिव्यांची एक रांग, मूळ मेमरी फक्त २५६ बाइट. खटके वरखाली करून आज्ञा द्यायची आणि दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर वाचायचे. व्यवहाराच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी होते. तरीही त्यासाठी मागण्यांचा पाऊस पडला. माणसांना हिशेब करून हवा होता असे नाही. यंत्र आपल्या घरी, आपल्या हाताखाली आणि आपल्या समजुतीच्या कक्षेत असावे, ही ती ओढ होती.

त्याच वर्षी ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या मोटारखान्यात काही मंडळी जमली. पुढे होमब्रू कम्प्युटर क्लब या नावाने ही मंडळी प्रसिद्ध झाली. आपण काय जोडले, कोठे अडलो, कोणता भाग कोठे स्वस्त मिळतो, हे तेथे उघडपणे सांगितले जाई. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी ज्या यंत्राची रचना केली आणि ज्याचे पुढे ॲपल १ झाले, त्याचे आराखडे त्यांनी या मंडळींत मुक्तपणे वाटले होते. आजच्या याद्यांचे मूळ तेथे आहे. ती यादी म्हणजे एक निमंत्रण होते. माझ्याजवळ हे आहे, मला एवढे कळले आहे, तुम्हाला उपयोगी पडेल ते घ्या आणि मला न कळलेले सांगा, असा त्याचा आशय होता.

परंतु याच देवघेवीतून एक गंभीर नैतिक पेच उभा राहिला. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक या भाषेची आवृत्ती तयार केली होती. तिच्या कागदी फितीच्या प्रती नादिष्टांनी बनवल्या आणि वाटल्या. एक प्रत न्यायची आणि परत येताना दोन आणायच्या, असा जणू तेथला शिरस्ताच पडला असे सांगितले जाते. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्स यांनी या नादिष्टांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. यंत्राच्या भागांचे पैसे तुम्ही निमूटपणे देता, मग आज्ञावली तेवढी फुकट वाटण्याची वस्तू कशी मानता, आणि असे असेल तर चांगली आज्ञावली लिहिण्यासाठी कोण आपले दिवस घालवील, असा त्यांचा सवाल होता.

या पत्राची टिंगल करणे सोपे आहे, कारण पुढे त्याच्या लेखकाने अफाट संपत्ती मिळवली. परंतु पत्र लिहिणारा तेव्हा धनाढ्य नव्हता, आणि युक्तिवादाचे मूल्य युक्तिवाद करणाऱ्याच्या नंतरच्या मिळकतीवरून ठरत नाही. दुसऱ्याच्या श्रमावर उदार होणे हे औदार्य नव्हे. ज्या वॉझ्नियॅक यांनी आराखडे वाटले त्यांनी स्वतःचे आराखडे वाटले होते. ज्यांनी फितीच्या प्रती वाटल्या त्यांनी दुसऱ्याचे काम वाटले होते. दान आणि वाटप यांतला हा भेद आपल्या धर्मशास्त्रालाही ठाऊक आहे: जे आपले नाही ते दान देता येत नाही.

या पेचाला खरे उत्तर युक्तिवादाने मिळाले नाही, ते कृतीने मिळाले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. जी कार्यप्रणाली कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल ती आपण स्वतःच लिहू, अशी ती प्रतिज्ञा होती. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, ती काही मोठी होणार नाही, असे इतर नादिष्टांना कळवले. त्या निवेदनात एक मौजेची कबुली आहे. या प्रणालीला एका विशिष्ट जातीच्या डिस्कखेरीज दुसरी चालणार नाही बहुधा, कारण आपल्याजवळ तेवढीच आहे, असे त्यात म्हटले होते. जगभरच्या यंत्रांवर आज चालणाऱ्या लिनक्सच्या उगमाशी अशी एक छोटीशी यादी आहे: एका विद्यार्थ्याच्या टेबलावर काय होते आणि काय नव्हते त्याची. या दोघांनीही दुसऱ्याचे वाटले नाही, स्वतःचे दिले. गेट्स यांचा प्रश्न नाकारून त्यांना पुढे जाता आले नसते. तो मान्य करूनच ते पुढे गेले.

४

आता यादीच्या तत्त्वज्ञानाकडे वळू. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो. दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग हे सर्व भाग मिळून रथ काय? त्यालाही नकार. अखेर रथ हा भागांच्या आश्रयाने चालणारा एक व्यवहार, एक नाव आहे, असा निष्कर्ष निघतो. संगणकाची यादी वाचताना मला हा संवाद नेहमी आठवतो. प्रोसेसर म्हणजे संगणक नव्हे, मेमरी म्हणजे संगणक नव्हे, कार्यप्रणाली म्हणजेही नव्हे. ज्याचे निम्मे कपॅसिटर बदलले, बॅटरी काढली, डिस्कच्या जागी नवे कार्ड बसवले ते १९८५ सालचे यंत्र तेच राहिले काय?

जुन्या यंत्रांचे नादिष्ट या प्रश्नाने फारसे अस्वस्थ होत नाहीत. त्यांच्या लेखी यंत्राचे सातत्य त्याच्या वर्तनात असते. जी आज्ञावली त्यावर चालत होती ती आज तशीच चालते काय, एवढे ते पाहतात. म्हणूनच त्यांच्यातले काही जण जुन्या यंत्राचे हुबेहूब अनुकरण करणारी आज्ञावली लिहून ते संपूर्ण यंत्रच नव्या संगणकाच्या पोटात जिवंत ठेवतात. काहींना हे पुरेसे वाटत नाही. खटक्याचा आवाज, कळांचा जडपणा, पडद्याची हिरवट झाक यांशिवाय ते यंत्र अपुरे आहे, असे त्यांचे म्हणणे असते. संहिता आणि प्रयोग यांच्या नात्याविषयी नाट्यसमीक्षेत जो वाद आहे तोच येथे वेगळ्या वेशात भेटतो.

इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, कोलोसस हे यंत्र कामाला लागले. युद्धानंतर गुप्ततेपोटी अशी बहुतेक यंत्रे मोडण्यात आली, आराखडे जाळण्यात आले. १९९३ पासून टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते यंत्र पुन्हा उभे करण्याचा ध्यास घेतला आणि २००७ साली ते पूर्णत्वास नेले. आधार काय होता? थोडी छायाचित्रे, वृद्ध अभियंत्यांच्या आठवणी आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेले आराखड्यांचे तुकडे. नियम पाळणाऱ्यांमुळे यंत्र नष्ट झाले, आणि नियम मोडणाऱ्यांमुळे ते परत आले. यावरून नियम मोडणे हा सद्गुण ठरत नाही. पण आज्ञेने नष्ट केलेल्या वस्तूविषयीही कोणाच्या तरी मनात राखणदारीची भावना उरते, एवढे मात्र सिद्ध होते.

अर्थात राखणे हाच एकमेव धर्म नाही. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ या जुन्या प्रोसेसरसाठीचा भाग काढून टाकण्यात आला. टॉरवाल्ड्स यांनी ज्या यंत्रावर लिनक्स लिहिले ते ३८६ जातीचेच होते. त्यांनी स्वतः या बदलाला मान्यता दिली, आणि आपण याबाबत हळवे होणार नाही अशा अर्थाचा शेराही मारला. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. जुन्या यंत्रासाठी ठेवलेली प्रत्येक ओळ नव्या बदलाच्या वेळी कोणाला तरी तपासावी लागते. भूतकाळाचे ओझे कोणाच्या तरी पाठीवर असते आणि ते त्याने आयुष्यभर वाहावे असा हट्ट इतरांना धरता येत नाही. मात्र येथे एक गोष्ट विसरू नये. तो भाग नव्या प्रणालीतून गेला, जगातून गेला नाही. जुन्या आवृत्त्या खुल्या आहेत. ज्याला ३८६ जपायचा आहे त्याला त्या घेता येतात. सोडणाऱ्याने सोडावे, पण राखणाऱ्याच्या वाटेवर कुलूप लावू नये, असा हा संकेत आहे. माझ्या मते या सबंध प्रश्नाचे नैतिक सार त्यात आहे.

५

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तिच्यात दोष माझा आहे.

माझ्या गुरुजींनी आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत संतकवितेतील निसर्गप्रतिमांवर काही व्याख्याने लिहून काढली होती. अक्षर कापरे झाले होते, ओळी एकमेकींत शिरत होत्या. त्यांच्या निधनानंतर, १९९७ साली, ते सर्व हस्तलिखित मी संगणकावर टंकून घेतले. चार फ्लॉपींवर मजकूर मावला. त्या स्वच्छ, सरळ ओळी पाहून मला कृतार्थ वाटले. पुढे घर बदलताना ते हस्तलिखित मी रद्दीत दिले. मजकूर सुरक्षित आहे, मग कागद कशाला, असा माझा तर्क होता. ज्याने पाठचिकित्सा शिकवण्यात आयुष्य घालवले त्याने मूळ प्रत अशी टाकून द्यावी, ही गोष्ट आजही मला स्वतःला नीट समजावून सांगता येत नाही.

कितीतरी वर्षांनी ती व्याख्याने छापण्याचा योग आला, तेव्हा फ्लॉपी लावायला घरात यंत्र उरले नव्हते. एका परिचिताने दोन फ्लॉपींतला मजकूर कसाबसा उतरवून दिला, तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन काला होता. कारण साधे होते. त्या काळातील अनेक फॉन्टांत देवनागरी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ही समान संकेतप्रणाली मान्य झाली होती, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली होती. पण टेबलावरच्या रोजच्या कामात आम्ही ज्याच्या त्याच्या फॉन्टात लिहीत होतो. तो फॉन्ट गेला की लिहिलेले मूक होई. मराठीच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत होते. किल्ली पंथाजवळ राहिली म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी ते इतरांना वाचता आले. मोडीतील कागदांचे ढीग आजही वाचकाची वाट पाहत आहेत. फरक एवढाच की त्या लिप्या शतकांनंतर दुर्बोध झाल्या, माझा मजकूर वीस वर्षांत झाला.

बंगळूरमध्ये जुनी यंत्रे जपणारा एक तरुण आहे असे कळले. त्याची मातृभाषा कन्नड. मराठी त्याला येत नाही. पहिल्याच संभाषणात, त्यांच्या रीतीप्रमाणे, त्याने आपली यादी सांगितली: १९९७ सालचे पेंटियम यंत्र, बत्तीस मेगाबाइट मेमरी, दोन गिगाबाइटची डिस्क, विंडोज ९५, चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्ह आणि प्रिंटरचे जुने पॅरलल पोर्ट. हा शेवटचा शब्द ऐकून मी त्याला विचारले की माझ्या खणात काडेपेटीहून थोडे मोठे, दोन्ही बाजूंनी दातेरी जोडणी असलेले एक खोके पडले आहे ते काय असावे. तो हसला आणि म्हणाला, "सर, ते फेकू नका. तेच तुमचे कुलूप आहे." मराठी आज्ञावलीची पैसे देऊन घेतलेली प्रत त्या काळी अशा हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसे. मी त्याला फ्लॉपी, आज्ञावलीची मूळ पेटी आणि ते खोके पाठवून दिले.

चारपैकी तीन फ्लॉपी वाचता आल्या. चौथीवर बुरशी धरली होती, तिच्यातून काहीच निघाले नाही. उरलेल्या मजकुरासाठी त्याने कोणत्या आकृतीखाली कोणते अक्षर आहे याचा तक्ता बनवला. रोज संध्याकाळी तो फोनवर आकृतीचे वर्णन करी आणि मी अक्षर सांगे. मजकूर युनिकोडमध्ये आला तेव्हा वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. गुरुजींनी सह्याद्रीच्या दऱ्यांविषयी लिहिले होते, येथे 'दर्या' उमटला होता. मराठीतला तो आडवा अर्धा र आणि शिरावरचा रफार या दोन निराळ्या आकृत्यांना त्याच्या तक्त्याने एकच मानले होते. दरीचे अनेकवचन आणि समुद्र यांत एका रेषेचे अंतर असते हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने तक्ता दुरुस्त केला, आणि माझी परवानगी विचारून तो इतरांच्या उपयोगासाठी खुला ठेवला. तक्ता त्याचाच होता. माझ्या परवानगीची त्याला गरज नव्हती. मोबदल्याविषयी मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पैसे नकोत. या मजकुरात आहे तरी काय, तेवढे सांगा." मी त्याला तासभर सांगत राहिलो. गुरुजींच्या त्या व्याख्यानांचा तो पहिला श्रोता ठरला.

६

त्या तरुणाला मी काय म्हणावे? तो माझ्या मजकुराचा मालक नव्हता. त्याच्या यंत्राचा मालक तो होताच, पण केवळ मालक असता तर १९९७ सालचे यंत्र त्याने कधीच भंगारात दिले असते. मालकीच्या हक्कात नष्ट करण्याचा हक्क येतोच. मीही त्याच हक्काने हस्तलिखित रद्दीत घातले होते. गांधीजींनी संपत्तीच्या संदर्भात विश्वस्ताची कल्पना मांडली. संपत्ती ज्याच्या हाती आहे त्याने ती इतरांच्या वतीने सांभाळावी, असा तिचा आशय. साधनांच्या बाबतीत ही कल्पना अधिकच लागू पडते, कारण जुने साधन ही पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी स्मृतीची किल्ली असते, आणि तो दुसरा कोण हे राखणाऱ्याला ठाऊकही नसते. अज्ञात माणसाचे ऋण आगाऊ फेडत राहणे, अशी ही राखणदारी आहे.

मात्र व्यक्तीच्या प्रेमावर सर्व भार टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. १०८६ सालच्या इंग्लंडच्या महसुली पाहणीचे डूम्सडे बुक आजही वाचता येते. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली शाळकरी मुलांसह असंख्य नागरिकांच्या सहभागाने तबकड्यांवर जे नवे डूम्सडे तयार झाले, ते वाचणारी यंत्रे पंधरा-सोळा वर्षांतच दुर्मीळ झाली, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना ते वाचवण्यासाठी खटपट करावी लागली. तेथे विद्यापीठे धावून आली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दोन दशकांत किती नियतकालिके, प्रबंध, लोकगीतांचे संग्रह आणि शब्दसूची वेगवेगळ्या फॉन्टांत टंकल्या गेल्या आणि आज कोणत्या कपाटांत पडून आहेत, याचा हिशेब ग्रंथालयांनीच मांडला पाहिजे. हे काम पोथ्यांच्या शोधाइतकेच तातडीचे आहे, आणि पोथीला वाळवी लागायला जेवढा वेळ लागतो तेवढाही येथे हाताशी नाही.

दुसरीकडे, चालू असलेली यंत्रेही आता निवृत्त ठरवली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली. काही मुदतीच्या सवलती वगळता, तिच्यावर चालणाऱ्या आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रांपुढे नवी वाट शोधणे किंवा असुरक्षित राहणे एवढेच पर्याय उरले. निर्मात्याने सदासर्वकाळ जुन्याची सेवा करावी असे मी म्हणत नाही. ३८६ चे उदाहरण वर दिलेच आहे. पण ज्याने सेवा थांबवली त्याने इतरांना ती करता येईल एवढी वाट मोकळी ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. मोडले नाही ते टाकून देण्याची सवय यंत्रापासून सुरू होते, ती यंत्रापाशी थांबेलच याची खात्री कोण देईल?

गुरुजींची व्याख्याने छापून झाली. शेवटचे व्याख्यान मध्येच तुटते, तेथे अर्धे पान कोरे सोडले आहे आणि त्याचे कारण प्रस्तावनेत नोंदवले आहे. ज्यांनी मला पाठचिकित्सा शिकवली त्यांच्याच पुस्तकात माझ्या हातून पडलेला हा खंड आहे.

नादिष्टांच्या रीतीप्रमाणे आता मीही माझी यादी देतो. २०१३ साली घेतलेला लॅपटॉप, चार गिगाबाइट मेमरी, एक बिजागरी सैल. कार्यप्रणाली लिनक्स, ती त्या बंगळूरच्या तरुणाने फोनवरून एकेक पायरी सांगत माझ्याकडूनच बसवून घेतली. देवनागरी लिहिताना आडवा अर्धा र कसा उमटवायचा ते आता मला येते. टेबलाच्या खणात बिस्किटांच्या एका डब्यात चार फ्लॉपी आहेत. त्यांतली चौथी वाचता येत नाही. ती मी टाकलेली नाही.